वासा ते कलकत्ता : हान्स मॅटसन यांची वाटचाल

हान्स मॅटसन यांचा जन्म २३ डिसेंबर १८३२ रोजी स्वीडनच्या दक्षिण टोकाच्या स्कोने प्रांतात, ओनेस्टाड या गावी झाला. वडील स्वतःच्या जमिनीचे मालक असलेले शेतकरी होते. एकोणिसाव्या शतकातल्या स्वीडनमध्ये या मालकीला वजन होते. सरदार, धर्मगुरू, नगरवासी आणि शेतकरी अशा चार वर्गांच्या संसदेत शेतकऱ्यांचा स्वतंत्र कक्ष होता आणि ही रचना १८६६ पर्यंत टिकली. पण जमीन वाढत नव्हती आणि खाणारी तोंडे वाढत होती. लोकसंख्या का वाढली याची तीन कारणे स्वीडनमध्ये नेहमी सांगितली जातात : लांबलेली शांतता, देवीची लस आणि बटाटा. १८५० च्या सुमारास देशाची लोकसंख्या ३५ लाखांवर पोचली होती. वाटण्या होत होत शेताचे तुकडे पडत होते आणि कालच्या खातेदाराचा नातू उद्या दुसऱ्याच्या शेतावर राबणार हे दिसत होते.

मॅटसन यांच्या घरची स्थिती इतकी बिकट नव्हती. मुलाला क्रिस्टियानस्टाड येथे शिक्षण देण्याइतकी ऐपत होती. पुढे ते तोफखान्यात दाखल झाले. तिथे त्यांना जे कळले ते शेतावर राहून कळले नसते : सैन्यात वर चढण्याची शिडी सरदार घराण्यांसाठी होती, शेतकऱ्याच्या मुलाने खालच्या पायऱ्यांवर समाधान मानायचे होते. स्वीडनमधून अमेरिकेला गेलेल्या माणसांबद्दल बोलताना दुष्काळ आणि उपासमारीचा उल्लेख हमखास येतो. १८६७ ते १८६९ या काळात तो खराही होता : एक वर्ष पावसाने पीक कुजले, पुढच्या वर्षी उन्हाने करपले. मॅटसन मात्र त्याच्या आधीच्या लाटेतले. त्यांना पोटापेक्षा प्रतिष्ठा खुपत होती.

१८५१ च्या जूनअखेर, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बोस्टनच्या बंदरात उतरले. इंग्रजी येत नव्हते आणि खिशातले पैसे लवकरच संपले. पुढचे वर्ष मिळेल ती मजुरी, आजार आणि भटकंती यांत गेले. दुसऱ्या वर्षी वडील आणि भाऊ येऊन मिळाल्यावर ही मंडळी इलिनॉय राज्यात गेली. तिथे स्वीडिश लोकांची वस्ती होती, कामही होते, पण नद्यांकाठच्या सखल भागात हिवतापाने माणसे खिळखिळी होत होती. उत्तरेला मिनेसोटा नावाचा नवा प्रदेश उघडला आहे, हवा कोरडी आणि निरोगी आहे, जमीन काळीभोर आहे, अशा बातम्या मिसिसिपीवरून ये-जा करणाऱ्या आगबोटींबरोबर येत होत्या.

हा प्रदेश ‘उघडला’ कसा, हे इथेच सांगायला हवे. मॅटसन बोस्टनला उतरले त्यानंतर महिना उलटायच्या आत, २३ जुलै १८५१ रोजी, ट्रॅव्हर्स दे सू येथे तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांच्या दोन शाखांनी अमेरिकन सरकारशी करार केला. ५ ऑगस्टला मेंडोटा येथे उरलेल्या दोन शाखांनी केला. या दोन करारांनी सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन डकोटांच्या हातून गेली. कागदावर ठरलेली किंमत एकरी साधारण १२ सेंट पडते, आणि त्यातलीही बरीच रक्कम जुन्या उधारीच्या नावाखाली व्यापाऱ्यांनीच उचलली. हीच जमीन सरकार पुढे एकरी सव्वा डॉलरने विकणार होते. म्हणजे दहापट भावाने. स्कोनेमधून आलेल्या शेतकऱ्याला यातले फारसे ठाऊक नव्हते. त्याला समोर दिसत होते ते रिकामे माळरान.

१८५३ च्या उत्तरार्धात मॅटसन काही सोबत्यांसह मिसिसिपीने वर सरकले आणि रेड विंग या ठाण्यावर उतरले. रेड विंग हे डकोटा प्रमुखाचे नाव. त्याच्या वंशातल्या वाकूटाची वस्ती त्या वेळी तिथून हलण्याच्या बेतात होती. नदीकाठापासून आत काही मैलांवर, ओढा, थोडे लाकूड आणि सपाट माळ अशा तिन्ही सोयी असलेल्या जागी या तरुणांनी आपापले दावे मांडले. १८४१ च्या कायद्याप्रमाणे आधी जाऊन वसलेल्या माणसाला १६० एकरांपर्यंत जमीन सव्वा डॉलर एकराने विकत घेण्याचा पहिला हक्क मिळत असे. त्यासाठी झोपडी उभारणे आणि जमीन कसायला घेणे आवश्यक होते. ओंडक्यांच्या खोपटात त्यांनी पहिला हिवाळा काढला. पुढच्या उन्हाळ्यापासून इलिनॉयमधून आणि थेट स्वीडनमधून कुटुंबे येऊ लागली. वस्तीला सुरुवातीला ‘मॅटसनची वस्ती’ असेच म्हणत. पुढे तिला सोळाव्या शतकातल्या स्वीडिश राजाच्या नावावरून ‘वासा’ हे नाव मिळाले.

प्रेअरीची, म्हणजे या गवताळ माळाची, जमीन मोडणे हे काम आपल्याकडच्या पडीक जमिनीच्या नांगरटीपेक्षा वेगळ्या जातीचे आहे. शतकानुशतके वाढलेल्या गवताच्या मुळांची जाळी इतकी घट्ट असते, की तिच्यातून नांगर ओढायला चार-चार, पाच-पाच बैलजोड्या लागत. उलटलेली ढेकळे कुजायला एक हंगाम सोडावा लागे. एवढी जनावरे एकाकडे नसत म्हणून नांगरट सावडीने होई, किंवा ज्याच्याकडे बैल असतील त्याला पैसे मोजून करून घेतली जाई. पहिली दोन वर्षे घरच्या खाण्यापुरता मका आणि बटाटा होई. गहू विकण्याजोगा पिकू लागला, की तो गाडीत भरून रेड विंगच्या धक्क्यावर न्यायचा आणि तिथून आगबोटीने दक्षिणेकडे रवाना करायचा. पुढे १८७० च्या दशकात शेतकऱ्याकडून थेट गहू घेणारी देशातली एक प्रमुख बाजारपेठ म्हणून रेड विंगचे नाव झाले. त्याचा पाया असल्याच वस्त्यांनी घातला.

१८५५ मध्ये मॅटसन यांचे लग्न झाले. त्याच वर्षी एरिक नोरेलियस या तरुण धर्मोपदेशकाने वासामध्ये लुथरन मंडळी स्थापन केली. नोरेलियस आणि मॅटसन ही वासाची दोन टोके म्हणता येतील. नोरेलियस यांनी मिनेसोटातले पहिले स्वीडिश वर्तमानपत्र १८५७ मध्ये रेड विंगमधून काढले, १८६२ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या शाळेचे पुढे गुस्टावस अडॉल्फस कॉलेज झाले आणि १८६५ मध्ये वासात अनाथालय उभे राहिले. वस्तीला आतून बांधण्याचे काम त्यांनी केले. मॅटसन यांचा कल बाहेरच्या जगाकडे होता.

शेतकरी म्हणून मॅटसन फार काळ टिकले नाहीत, हे त्यांच्या चरित्रकारांनी झाकण्याचे कारण नाही. शेतीत कष्ट होते, नगद पैसा नव्हता. १८५० च्या दशकाच्या मध्यावर मिनेसोटात जमिनीच्या भावांनी डोके वर काढले होते आणि कागदावर आखलेल्या गावांचे भूखंड विकले जात होते. मॅटसन रेड विंगला येऊन व्यापारात पडले. १८५७ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कपासून सुरू झालेला बँकांचा कोसळा पश्चिमेकडे पोचला आणि त्यात इतरांबरोबर तेही बुडाले. हातात उरल्या त्या दोनच गोष्टी : चांगले इंग्रजी आणि आसपासच्या शेकडो स्वीडिश कुटुंबांचा विश्वास. रेड विंगमधल्या एका वकिलाकडे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, वकिलीची परवानगी मिळवली आणि गुडह्यू काउंटीच्या हिशेब तपासनिसाचे, म्हणजे ऑडिटरचे, पद निवडणुकीने मिळवले.

शेतकऱ्याचा राजकारणी झाला तो इथे. यामागे एक तरतूद होती आणि तिच्याशिवाय ही गोष्ट घडली नसती. ११ मे १८५८ रोजी मिनेसोटा संघराज्यात दाखल झाले तेव्हा त्याच्या घटनेने परदेशातून आलेल्या पुरुषाला पूर्ण नागरिक होण्याआधीच मत देऊ केले होते. नागरिक होण्याचा इरादा न्यायालयात नोंदवायचा, ठरावीक काळ राज्यात राहायचे, एवढे पुरेसे होते. ही सवलत १८९६ पर्यंत चालली. म्हणजे आदल्या वर्षी जहाजातून उतरलेला, इंग्रजीचे एक वाक्य न येणारा स्वीडिश शेतकरी यंदा मतदार असे. त्याला अर्ज भरून देणारा, कराचा आकडा समजावणारा आणि मतपत्रिका कुणाची घ्यायची हे सांगणारा माणूस हवा असे. ऑडिटरच्या कचेरीत बसलेले मॅटसन तो माणूस होते. वासाचे शेत हे त्यांचे भांडवल नव्हते. दोन भाषांच्या मधल्या जागेवर त्यांनी बस्तान बसवले होते, आणि आयुष्यभर ते तिथेच राहिले.

मते बहुतेक रिपब्लिकन पक्षाकडे गेली. १८५४ मध्ये जन्मलेला हा पक्ष गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करत होता आणि कसणाऱ्याला फुकट जमीन देण्याचे वचन देत होता. स्कँडिनेव्हियन शेतकऱ्याला पहिली गोष्ट धर्माने पटली, दुसरी पोटाने. २० मे १८६२ रोजी लिंकन यांनी सही केलेल्या होमस्टेड कायद्याने ते वचन पुरे झाले. पाच वर्षे राहून कसलेली १६० एकर जमीन किरकोळ शुल्कावर मिळू लागली, आणि ती मिळायलाही नागरिकत्वाचा इरादा पुरेसा होता.

तोवर यादवी युद्ध पेटले होते. १८६१ च्या शरद ऋतूत मॅटसन यांनी शिकागोच्या ‘हेमलांडेट’ या स्वीडिश पत्रातून स्कँडिनेव्हियन तरुणांना आवाहन केले आणि गुडह्यू काउंटी व आसपासच्या वस्त्यांतून एक तुकडी उभी केली. ती तिसऱ्या मिनेसोटा रेजिमेंटची ‘डी’ कंपनी झाली आणि मॅटसन तिचे कॅप्टन. स्वीडनच्या तोफखान्यात जी शिडी बंद होती ती इथे मोकळी होती.

या रेजिमेंटच्या वाट्याला मानहानी लवकर आली. १३ जुलै १८६२ रोजी टेनेसीमधल्या मर्फ्रिसबरो येथे दक्षिणेच्या फॉरेस्टच्या घोडदळाने छापा घातला. रेजिमेंट फारशी लढलीच नव्हती, तरी कर्नल लेस्टर यांनी अधिकाऱ्यांचे मत घेतले आणि बहुमताने शरणागती पत्करली. मॅटसन त्या वेळी रजेवर होते. शरणागतीच्या बाजूने मत दिलेल्या अधिकाऱ्यांना वर्षअखेर बडतर्फ करण्यात आले आणि वरच्या जागा एकदम रिकाम्या झाल्या. मॅटसन मेजर झाले, मग लेफ्टनंट कर्नल आणि एप्रिल १८६४ मध्ये कर्नल. कर्तबगारी होतीच, पण रजेचा वाटाही नाकारता येत नाही.

शरण गेलेले शिपाई प्रतिज्ञापत्रावर सुटून मिनेसोटाला परतले तेव्हा तिथे दुसरेच युद्ध सुरू झाले होते. १८५१ च्या करारांचे हप्ते थकले होते, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली होती आणि राखीव पट्ट्यात कोंडलेले डकोटा उपाशी होते. ऑगस्ट १८६२ मध्ये उठाव झाला आणि शेकडो वसाहतवाले मारले गेले. २३ सप्टेंबरला वुड लेक येथे झालेल्या निर्णायक लढाईत तिसऱ्या मिनेसोटाचे शिपाई आघाडीला होते. २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो येथे ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी देण्यात आली आणि पुढच्या वर्षी उरलेल्या बहुतेकांना राज्याबाहेर हाकलले गेले. स्वीडिश, नॉर्वेजियन आणि जर्मन शेतकऱ्यांसाठी पश्चिम मिनेसोटा मोकळा झाला तो असा. वासामध्ये ‘रिकाम्या’ माळावर सुरू झालेल्या गोष्टीचा हा दुसरा भाग आहे. आठवणींची पुस्तके लिहिणाऱ्या वसाहतवाल्यांनी यात स्वतःला बहुतेक वेळा सोसणाऱ्याच्या जागी पाहिले.

रेजिमेंट पुढे व्हिक्सबर्गच्या वेढ्यात होती आणि सप्टेंबर १८६३ मध्ये आर्कान्सॉची राजधानी लिटल रॉक घेण्यातही होती. १८६४ चा उन्हाळा पाइन ब्लफच्या दलदलीत गेला. तिथे गोळीपेक्षा हिवतापाने जास्त माणसे नेली. सप्टेंबर १८६५ मध्ये रेजिमेंट विसर्जित झाली आणि मॅटसन ‘कर्नल’ हा किताब घेऊन घरी आले. हा किताब पुढे त्यांच्या नावाला कायमचा चिकटला.

युद्धानंतर शिकागोच्या एका स्वीडिश पत्राचे काही काळ संपादन केल्यावर त्यांना आपले खरे काम सापडले. राज्य माणसांनी भरायचे होते. १८६७ मध्ये मिनेसोटा सरकारने स्थलांतर मंडळ नेमले आणि मॅटसन त्याचे चिटणीस झाले. स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन भाषांत पुस्तिका छापून युरोपात पाठवायच्या, न्यूयॉर्क आणि शिकागोच्या स्थानकांवर दुभाषे ठेवायचे, आलेल्यांना फसवणाऱ्या दलालांपासून वाचवायचे आणि योग्य गाडीत बसवायचे, असे ते काम होते. पुस्तिकांत मिनेसोटाचा हिवाळा ‘कोरडा आणि आरोग्यदायी’ असे. थंडीचा पारा किती खाली जातो याचा उल्लेख करण्याची घाई कुणालाच नव्हती. मॅटसन यांच्याकडे याच सुमारास सेंट पॉल अँड पॅसिफिक या रेल्वेच्या जमिनीची विक्रीही होती. लोकांना बोलावणारा सरकारी माणूस आणि त्यांना जमीन विकणारा कंपनीचा माणूस एकच, यात त्या काळी कुणाला वावगे वाटले नाही. १८६८ च्या अखेरीस ते स्वीडनला गेले आणि वसंतात शेकडो माणसांचा तांडा घेऊन परतले. दुष्काळाची तीन वर्षे तिकडे चालूच होती. पुस्तिका आणि भूक यांची वेळ जुळून आली.

आकडे पाहिले तर या उद्योगाचे प्रमाण कळते. मिनेसोटाची लोकसंख्या १८५० मध्ये ६,०७७ होती. १८६० मध्ये ती १,७२,०२३ आणि १८७० मध्ये ४,३९,७०६ झाली. त्या वर्षी राज्यात स्वीडनमध्ये जन्मलेले सुमारे २१ हजार लोक होते. १८९० पर्यंत ते एक लाखाच्या घरात पोचले. इतक्या मतांचा गठ्ठा उभा राहिल्यावर एखादे मोठे पद स्कँडिनेव्हियन माणसाला देणे पक्षाला भाग होते. १८६९ च्या निवडणुकीत मॅटसन राज्याचे सचिव म्हणून निवडून आले. राज्यव्यापी पदावर बसलेले ते मिनेसोटातले पहिले स्वीडिश. राज्याची मोहोर, कायद्यांच्या मूळ प्रती आणि निवडणुकीची कागदपत्रे सांभाळणे हे या पदाचे काम. अधिकार बेताचा होता, प्रतीक मात्र मोठे. परदेशातून आलेल्या शेतकऱ्याच्या सहीशिवाय आता राज्याचा कोणताही दस्तऐवज पुरा होत नव्हता.

मुदत संपायच्या आतच नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेने त्यांना खेचून घेतले. सुपीरियर सरोवरापासून पॅसिफिक महासागरापर्यंत जाणाऱ्या या लोहमार्गाला केंद्र सरकारने १८६४ च्या सनदेने जमिनी दिल्या होत्या. मार्गाच्या दोन्ही बाजूंना मैल-मैलाचे चौरस आखायचे आणि बुद्धिबळाच्या पटासारखे एक घर कंपनीला, एक सरकारला. कंपनीच्या पदरात जवळपास ४ कोटी एकर पडणार होते. या पटावर माणसे नसतील तर ना मालाचे भाडे मिळणार, ना जमिनीला भाव. म्हणून मॅटसन १८७१ पासून कुटुंबासह स्वीडनमध्ये राहून कंपनीसाठी वसाहतवाले गोळा करू लागले. धर्मगुरू आणि सरकारी अधिकारी त्यांच्याकडे माणसे पळवणारा दलाल म्हणून पाहत, आणि ज्यांच्या घरी अमेरिकेची पत्रे येत त्यांना ते आपल्यातले वाटत. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी कारण होते. १८ सप्टेंबर १८७३ रोजी कंपनीचे बँकर जे कुक अँड कंपनी यांची पेढी बुडाली, अमेरिकेत मंदी पसरली आणि लोहमार्ग अर्ध्यात थांबला. मॅटसन १८७६ मध्ये परतले तेव्हा त्यांनीच वसवलेल्या पट्ट्यांवर टोळधाडीचे चौथे वर्ष चालू होते. पुढच्या वसंतात गव्हर्नर पिल्सबरी यांनी २६ एप्रिल हा प्रार्थनेचा दिवस जाहीर केला.

१८७७ मध्ये मिनिआपोलिसमधून ‘मिनेसोटा स्टाट्स टिडनिंग’ हे स्वीडिश पत्र निघाले. त्याच्या उभारणीत मॅटसन होते. परदेशी भाषेतले पत्र म्हणजे निवडणुकीत पक्षाचा भोंगा आणि एरवी गावाकडच्या बातम्यांचा पार. पक्षाच्या या सेवेची परतफेड अनपेक्षित ठिकाणी झाली. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांनी त्यांना कलकत्त्याला अमेरिकेचे महावाणिज्यदूत म्हणून नेमले.

कलकत्त्यात अमेरिकन वाणिज्यदूत नेमण्याची प्रथा वॉशिंग्टन यांच्या काळापासूनची, १७९२ ची. अमेरिकेला जाणाऱ्या मालाच्या बिलांवर शिक्का मारणे, बंदरात अडकलेल्या अमेरिकन खलाशांची सोय लावणे आणि व्यापाराचे अहवाल पाठवणे हे काम. बोस्टनहून येणारा बर्फ एकेकाळी या व्यापाराची शान होता. कलकत्त्यात बर्फाचा कारखाना निघाल्यावर तो नुकताच संपला होता आणि त्याच्या जागी रॉकेलचे डबे येऊ लागले होते. उलट दिशेने ताग, गोणपाट, जवस, कातडी, सोरा जात होते. आणखी एक माल होता, ज्याने मिनेसोटाच्या शेतकऱ्याचे कान टवकारले असते : गहू. १८७३ मध्ये भारतातल्या गव्हावरचे निर्यात शुल्क उठले, सुएझ कालवा आणि आतपर्यंत गेलेली रेल्वे मदतीला होती आणि १८८१-८२ मध्ये निर्यात दहा लाख टनांच्या आसपास गेली. मध्य प्रांत आणि नर्मदेच्या खोऱ्यातला गहू मुंबईहून, गंगेच्या खोऱ्यातला कलकत्त्याहून निघत होता आणि इंग्लंडच्या बाजारात त्याची गाठ अमेरिकन गव्हाशी पडत होती. नेमक्या १८८१ मध्ये मिनिआपोलिसला पिल्सबरींची प्रचंड पीठगिरणी सुरू झाली होती. वासाच्या माळावर बैलांनी जमीन मोडणारा माणूस अठ्ठावीस वर्षांनी त्याच धान्याच्या दुसऱ्या उगमापाशी येऊन बसला होता.

मॅटसन कलकत्त्यात होते तो काळ व्हाइसरॉय रिपन यांचा. स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा, आणि फेब्रुवारी १८८३ मधल्या इल्बर्ट विधेयकावरून गोऱ्या समाजाने केलेले आकांडतांडवही त्याच काळातले. हिंदुस्थानी न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवावा की नाही, हा वाद ज्या शहरात पेटला होता तिथे जहाजातून उतरून सात वर्षांत काउंटीचा अधिकारी झालेला माणूस अमेरिकेचा प्रतिनिधी होता. त्यांच्या आठवणींतली कित्येक प्रकरणे भारताने व्यापली आहेत. १८८३ मध्ये ते परतले.

१८८६ मध्ये मिनेसोटाने त्यांना पुन्हा सचिवपदावर निवडून दिले. दोन मुदती, जानेवारी १८८७ ते जानेवारी १८९१. पहिल्या खेपेला स्कँडिनेव्हियन उमेदवार ही नवलाई होती, आता ती रीत झाली होती. १४ सप्टेंबर १८८८ रोजी मिनिआपोलिसमध्ये डेलावेअर नदीकाठच्या १६३८ च्या स्वीडिश वसाहतीचा अडीचशेवा वर्धापनदिन साजरा झाला, त्याच्या आयोजनात मॅटसन पुढे होते. हा उत्सव म्हणजे एक दावाच होता. इंग्रज वंशजांनी मेफ्लॉवर जहाजाचा तोरा मिरवायचा, तर स्वीडिश लोकही फारसे मागे नव्हते, फक्त अठरा वर्षे उशिरा आले होते. जमिनीवरचा हक्क शाबीत झाल्यावर माणसे इतिहासावरचा हक्क मांडायला घेतात, तसे हे झाले.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्यांनी आठवणी लिहिल्या. १८९० मध्ये स्वीडिशमध्ये ‘मिन्नेन’ आणि १८९१ मध्ये इंग्रजीत ‘एका स्थलांतरिताची कहाणी’ या उपशीर्षकासह. भाषा दोन, वाचक दोन. जानेवारी १८९३ मध्ये नॉर्वेत जन्मलेले क्नूट नेल्सन मिनेसोटाचे गव्हर्नर झाले आणि सचिवपदापुरती असलेली मर्यादा मोडली. दोन महिन्यांनी, ५ मार्च १८९३ रोजी, मॅटसन मिनिआपोलिसमध्ये वारले. तोवर स्वीडनमध्ये जन्मलेले जॉन लिंड वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात सहा वर्षे बसून झाले होते. १८९९ मध्ये तेही गव्हर्नर झाले.